विसरभोळा पिवळा ठोकळा



पतंगाला शेपूट कशाला लागतं, या प्रश्नावर तुमची भरपूर पत्रं आली आहेत. वाचते आहे, उत्तरं पुढच्या वेळी. आज मला एका खोक्याची गोष्ट सांगायची आहे. हा खोका भंगारात जाता जाता वाचला. आणि त्याला भंगारात धाडायला कोण निघालं होतं, सांगू? दुसरं तिसरं कुणी नाही, मीच!

त्याचं झालं असं. आमच्या सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची, म्हणजे गड्ड्याची यात्रा भरते. गावाबाहेर गेलेली माणसं त्या वेळी हमखास घरी येतात. तसे आमच्या शाळेचे एक माजी विद्यार्थी परदेशातून आले होते. जाताना त्यांनी एक मोठा खोका माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "बाई, माझा मुलगा आता मोठा झाला. हे तुमच्या पोरांना द्या. चालतं की नाही, ठाऊक नाही."

खोका उघडला आणि माझ्याभोवती अडतीस डोकी गोळा झाली. आत सातशेच्या वर तुकडे होते! ठोकळे, दातेरी चाकं, आस, टायर, रबरी पट्टे, दोन मोटारी, आणि या सगळ्यांच्या मधोमध तळहातात जेमतेम मावेल असा एक जाडजूड पिवळा ठोकळा. त्यावर चार बटणं, एक छोटी खिडकी, आणि १, २, ३ व ए, बी, सी अशी नावं दिलेल्या जागा.

हे ठोकळे डेन्मार्कच्या लेगो कंपनीचे. 'लेगो' हे नाव डॅनिश भाषेतल्या दोन शब्दांवरून आलंय, त्यांचा अर्थ 'छान खेळ'. या कंपनीची एक गोष्ट मला फार आवडते. १९५८ साली बनवलेला ठोकळा आज बनवलेल्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. आजोबांचा ठोकळा नातवाला चालतो, बरं का!

पण आमचा खोका नुसत्या ठोकळ्यांचा नव्हता. तो यंत्रमानव बनवायचा संच होता. नाव 'माइंडस्टॉर्म्स', जन्म १९९८. तेव्हा मी स्वतः चौथीत होते आणि आमच्या शाळेत कंप्युटर नावाची वस्तू फक्त चित्रात होती. हे नाव आलं एका पुस्तकावरून. सेमूर पेपर्ट नावाचे एक गणितज्ञ होते. जन्म दक्षिण आफ्रिकेतला, पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत शिकवत. लहानपणी त्यांना दातेरी चाकांचं भारी वेड! गणित आपल्याला त्या चाकांमुळे आवडायला लागलं, असं ते सांगत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही कंप्युटरची भाषा तयार केली. लेगो नव्हे हं, लोगो! आणि १९८० साली त्यांनी 'माइंडस्टॉर्म्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की कंप्युटरने मुलाला शिकवण्यापेक्षा मुलाने कंप्युटरला शिकवावं. मला विचाराल तर हे वाक्य प्रत्येक शिक्षक-खोलीत लावायला हवं.

तर तो पिवळा ठोकळा म्हणजे यंत्रमानवाचा मेंदू. त्याचं नाव आरसीएक्स. त्याला सहा पेन्सिल सेल लागतात. आम्ही मागचं झाकण काढलं आणि सगळ्यांनी एकदम "ईऽऽ" केलं. जुने सेल तसेच आत राहिले होते. ते पाझरून आतल्या पत्र्याच्या पट्ट्यांवर पांढरी भुकटी जमली होती.

ही भुकटी बोटाने खरवडायची नाही. अल्कलाइन सेलमधला द्रव हा आम्लारी असतो, कातडीला चावतो. मग आम्लारीवर उतारा काय? सहावी-सातवीतल्यांनी लगेच सांगितलं असेल, आम्ल! मी हातमोजे घातले आणि कापसाच्या बोळ्याने लिंबाचा रस लावला. बारीक फेस आला. नंतर ओल्या फडक्याने पुसून, सुकवून, पॉलिश पेपर हलकेच फिरवला तशा पट्ट्या चकाकल्या. (तुमच्या घरातल्या घड्याळातला साधा सेल पाझरला असेल तर मात्र उलटं करावं लागतं. त्याचा द्रव आम्लधर्मी, म्हणून खाण्याच्या सोड्याचं पाणी. आणि हे काम मोठ्या माणसासोबतच करायचं.)

नवे सेल घातले. बटण दाबलं. बीप! खिडकीत एक चिमुकला माणूस उभा राहिलेला दिसला. वर्गात टाळ्याच टाळ्या! पण पुढे? पुढे काहीच नाही. मोटार जोडली, ती हलेना. संचासोबत एक काळा मनोरा होता. तो कंप्युटरला जोडायचा असतो, पण त्याचा नऊ टाचण्यांचा प्लग शाळेच्या लॅपटॉपमध्ये बसेना, कारण आजच्या लॅपटॉपला तसं भोकच नसतं. दोन दिवस मी झटापट केली. तिसऱ्या दिवशी मोठ्या बाई म्हणाल्या, "पाठ्यपुस्तकं यायचीत, कपाट रिकामं हवं. शनिवारपर्यंत बघा, नाहीतर भंगारवाला बोलवा." मी म्हटलं, बरं. खरं सांगते, मला सुटल्यासारखंच झालं. पंचवीस-सव्वीस वर्षांचं जुनं यंत्र, मेंदूच गेलाय त्याचा, असं मी वर्गात जाहीरसुद्धा करून टाकलं.

तेव्हा चौथीतली एक मुलगी उठली. फार न बोलणारी. तिचे वडील चादरीच्या कारखान्यात लूमवर काम करतात. ती म्हणाली, "बाई, ह्याचं कार्ड कुठंय की?"

"कसलं कार्ड गं?"

"लूमला असतंय तसं. कार्ड काढलं की लूम चालतंय, पण नक्षी येत नाही. म्हणून काय लूम बिघडलेलं नसतंय."

मुलांनो, मी गप्पच झाले. तुम्ही सोलापुरी चादर पांघरली असेल, तर तिच्यावरचे मोर आणि फुलं आठवा. ती नक्षी लूमला कोण सांगतं? लूमच्या डोक्यावर जकार्ड नावाचं यंत्र बसवलेलं असतं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ साली ते तयार केलं. त्यात भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. बस्स, एवढ्यावर मोर उमटतो. कार्डांची माळ बदलली की त्याच लूमवर कमळ. म्हणजे कंप्युटरचा प्रोग्रॅम म्हणतात तो हाच, फक्त पुठ्ठ्याचा! अजूनही सोलापुरात असे पुठ्ठे खटखट फिरत असतात, आणि मला प्रोग्रॅम समजावून सांगायला अमेरिकेतलं उदाहरण आठवत होतं.

त्या रात्री मी संचाबरोबरची पुस्तिका नीट, पहिल्या पानापासून वाचली. (आधी वाचली नव्हती, हे तुम्हाला म्हणून सांगते.) आणि ट्यूब पेटली. आरसीएक्सच्या पोटात दोन प्रकारची स्मृती असते. एक कोरलेल्या शिलालेखासारखी, कधी न पुसणारी, पण अगदी थोडकी. दुसरी पाटीवर खडूने लिहिल्यासारखी. ती ३२ किलोबाइटची. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला याच्या शंभरपट जागा सहज लागते! यंत्राचं मुख्य शिक्षण, ज्याला फर्मवेअर म्हणतात, ते या पाटीवर लिहिलेलं असतं. आणि पाटी टिकते सेलच्या जोरावर. सेल काढून जेमतेम मिनिटभर झाला, की पाटी कोरी.

म्हणजे आमचा ठोकळा मेला नव्हता. तो विसरला होता! त्याला पुन्हा शिकवायचं, की झालं.

मी हे वर्गात सांगितल्यावर तीच मुलगी म्हणाली, "मग पुठ्ठ्याचं कार्डच बरं की बाई. लाइट गेली तरी भोकं कुठं जात नाहीत." आता याला काय उत्तर देणार?

आता शिकवायचं कसं? त्या नऊ टाचण्यांच्या प्लगसाठी जुना कंप्युटर हवा होता. नव्या पेठेत एक डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका करणाऱ्यांचं. तिथल्या काकांनी जुन्या मराठी अक्षरांच्या फाँटसाठी विंडोज ९८ चा एक कंप्युटर जपून ठेवला होता. शनिवारी शाळा सुटल्यावर मी, चार मुलं आणि खोका तिथे हजर. मनोऱ्यात चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी घातली, सीडी लावली. सीडी चालली! नसती चालली तरी वाट होती, कारण डेव्ह बॉम नावाच्या गृहस्थांनी आणि इतर हौशी मंडळींनी या ठोकळ्यासाठी स्वतःचे प्रोग्रॅम लिहून फुकट देऊन ठेवलेत. कंपनीने २००६ आणि २०१३ साली याची धाकटी भावंडं काढली आणि २०२२ च्या अखेरीस माइंडस्टॉर्म्स बंदच केलं. आहेत त्यांनाच सांभाळायचं आता.

मनोरा आणि ठोकळा एकमेकांशी बोलतात ते अवरक्त किरणांनी, टीव्हीच्या रिमोटसारखं. दोघांना समोरासमोर ठेवावं लागतं. पण सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे! सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. दारातून आलेल्या उन्हाने मनोऱ्याचं बोलणं ठोकळ्याला ऐकूच जाईना. मग काकांनी शटर अर्धं ओढलं, आम्ही वर बुटांचा खोका उलटा घातला. खिडकीत आकडे वाढू लागले. मुलं खोक्याच्या फटीतून बघून मोठ्याने आकडे वाचत होती. आणि निम्म्यावर आल्यावर... लाइट गेली. इन्व्हर्टर होता, पण तो झेरॉक्स मशिनला.

चाळीस मिनिटं आम्ही शेंगदाणे खात बसलो. लाइट आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. या वेळी आकडे शेवटपर्यंत गेले, बीप वाजला आणि खिडकीत घड्याळ उमटलं, ००.००. म्हणजे शिक्षण पूर्ण! काकांनी पत्रिकेचं काम सोडून टाळी वाजवली.

(तुम्हाला अवरक्त किरण बघायचेत? घरातला टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. डोळ्यांना काही दिसणार नाही, पण मोबाइलच्या पडद्यावर जांभळट ठिपका चमकेल. मागच्या कॅमेऱ्यात नाही दिसला तर पुढच्या कॅमेऱ्यात बघा.)

डोकं ताळ्यावर आलं, हातपाय राहिले. इतक्या वर्षांत वायरींवरचं वेष्टण कडक होऊन त्याच्या खपल्या पडत होत्या. आतल्या उघड्या तारा एकमेकींना चिकटल्या तर मोटार कशी चालणार? आमच्या गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी टोकाचे ठोकळे तसेच ठेवून मधली वायर नवी जोडून दिली. पैसे घेतले नाहीत, पण गाडी चालताना बघायला मात्र आले. या वायरींची एक गंमत आहे. टोकाचा ठोकळा अर्धा फिरवून बसवला की मोटार उलटी फिरते. हे आम्हाला गाडी भिंतीवर आपटल्यावर कळलं.

रबरी पट्टे तर हात लावताच तुटले. त्यांच्या जागी सायकलच्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापल्या. छान बसल्या. सायकलवरून अरविंद गुप्ता आठवले. ते आयआयटी कानपूरचे इंजिनियर. पुण्याच्या टेल्को कंपनीत नोकरीला असताना १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागात खेड्यातल्या मुलांना विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले. तिथे आठवडी बाजारात सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब मिळाली. तिचे तुकडे आणि आगकाडीच्या काड्या जोडून त्रिकोण, चौकोन, घरं बनवायचा खेळ त्यांनी तयार केला. पुढे पुण्यात आयुकाच्या विज्ञान केंद्रात त्यांनी कचऱ्यातून खेळण्यांचा डोंगर उभा केला, आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचा संच एक आणि मुलं अडतीस. म्हणून सहा जण ठोकळ्यांवर, बाकीचे व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यांवर, रोज पाळी बदलून. काड्यांचा गट कुरकुर करेल असं वाटलं होतं. थोडी झालीच. पण त्यांचा पूल आमच्या गाडीला पेलतो का, अशी पैज लागल्यावर थांबली. (पूल मोडला. दुसरा चालू आहे.)

गाडी आता छान धावते. पुढे स्पर्श कळणारं बटण आहे. भिंतीला टेकली की मागे येते, वळते, पुन्हा निघते. कपाटाचा वरचा कप्पा मोठ्या बाईंनी तिला देऊन टाकलाय.

आणि परवा काय झालं सांगू? मधल्या सुट्टीत मी वर्गात आले तर त्या मुलीने ठोकळा बंद करून त्याचे सेल काढून टेबलावर मांडले होते! मी ओरडलेच, "अगं, विसरेल ना तो!"

ती म्हणाली, "किती वेळात विसरतोय ते बघालोय बाई." आणि सगळा वर्ग एका सुरात मोजत होता, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस... तिसाला तिने शेवटचा सेल घातला. बटण दाबलं. घड्याळ होतं! आठवण शाबूत!

पुस्तिकेत मिनिटभर लिहिलंय, पण आमचा ठोकळा आता म्हातारा. तो मिनिटाआधी विसरेल की नंतर? तिने वहीत तक्ता आखलाय. ४५, ६०, ७५, ९०, असं करत जायचं. विसरला की त्याच दिवशी पुन्हा नव्या पेठेत न्यायचं. डीटीपीवाल्या काकांना विचारलंय, ते म्हणाले, शनिवारी चारनंतर या.

तुम्हाला काय वाटतं, किती सेकंद? तुमचा अंदाज कारणासह पोस्टकार्डावर लिहून पाठवा. तिचा अंदाज आहे ७२. का ते विचारलं, तर सांगत नाही.

तुमची,
बाई