कंपनी मोबाईलवर निघते, दरवर्षीचा हिशोब कोण देणार?

अहिल्यानगर : कांदा असो, दूध असो की डाळिंब, भाव मिळवायचा तर एकत्र या, असे सगळेच सांगतात. त्यातूनच पारनेर, श्रीगोंद्यापासून अकोले तालुक्यापर्यंत शेतकरी उत्पादक कंपन्या निघाल्या. पूर्वी संस्था नोंदवायची म्हणजे हेलपाटेच. आता आधार, पॅन, डिजिटल सही आणि ओटीपीवर कंपनी नोंदते. घरबसल्या कंपनी काढून देणाऱ्या ऑनलाइन सेवांच्या जाहिराती मोबाईलवर रोज दिसतात. काम सोपे झाले, हे खरेच. अडचण सुरू होते ती प्रमाणपत्र हातात पडल्यावर.

उत्पादक कंपनीची सोय कायद्यात 2002 मध्ये आली. किमान 10 शेतकरी सभासद आणि 5 संचालक लागतात. केंद्राने 2020 मध्ये 10 हजार शेतकरी संस्थांची योजना आणली. त्यात पात्र संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत मदत आहे. अनुदानाचे नाव निघाले की घाई होते. पाच जणांची कागदपत्रे गोळा होतात, ओटीपी सांगितला जातो आणि माणूस संचालक होतो. अनेकदा घरच्यांनाही पत्ता नसतो.

आधी पैशाचे बघू. अधिकृत भांडवल 15 लाखांपर्यंत असेल तर कंपनी नोंदणीची केंद्राची फी शून्य आहे. राज्याची स्टॅम्प ड्युटी, डिजिटल सही आणि सीए किंवा सीएस यांची फी एवढाच खर्च उरतो. त्यामुळे 'सरकारी फी' म्हणून मोठी रक्कम कोणी मागितली तर पावती मागावी. एकट्याला डाळमिल किंवा मसाल्याचा धंदा काढायचा असेल तर कंपनीची गरजही नसते, उद्यम नोंदणी पुरते. 1 जुलै 2020 पासून सुरू असलेली ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. तरी तिच्यासारख्याच दिसणाऱ्या खासगी वेबसाइट हजार-दोन हजार घेतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का, एवढे पाहिले तरी पैसे वाचतात.

आता खरा बोजा. कंपनीने एक रुपयाचा धंदा केला नाही तरी दरवर्षी ऑडिट करावे लागते. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होते आणि त्यानंतर ताळेबंद व वार्षिक विवरण असे दोन फॉर्म ऑनलाइन भरायचे असतात. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये. दोन फॉर्म वर्षभर राहिले तर 73 हजार झाले. नव्या कंपनीला तर सभासदांनी भागभांडवल भरल्याची माहिती 180 दिवसांत द्यावी लागते, त्याआधी धंदा सुरू करता येत नाही.

सलग तीन वर्षे विवरण भरले नाही तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतात. 2017 मध्ये केंद्राने देशभरात 3 लाखांहून अधिक संचालकांना असे अपात्र ठरवले होते. 'मी फक्त सही दिली होती' हे उत्तर तिथे चालत नाही.

याच जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळ पाठीशी राहिले आणि लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्या फिरण्यात वेळ गेला, पण शेतकऱ्याला आपण कशात पैसे घालतोय ते समजले. ऑनलाइन नोंदणीत नेमकी हीच पायरी गळते. ती गावाने स्वतः भरून काढायला हवी.

म्हणून सही करण्याआधी चार गोष्टी पक्क्या कराव्यात. वर्षाचा ऑडिट आणि फॉर्मचा खर्च किती, तो कोण देणार, हे लेखी घ्यावे. डिजिटल सहीचा टोकन आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, सेवा देणाऱ्याकडे नाही. नोंदणीला दिलेला मोबाईल नंबर आणि ईमेल कंपनीचाच असावा, म्हणजे नोटीस आली तर कळते. आणि आधीच संचालक असाल तर केंद्राच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर कंपनीचे नाव टाकून शेवटचा ताळेबंद कधीचा आहे ते आजच पाहावे. त्याला फी लागत नाही.

वर्षाचा खर्च निघेल एवढा माल विकायची तयारी नसेल तर सध्या गट म्हणूनच काम करावे. कंपनी पुढच्या हंगामातही काढता येते.