बोअर खोल गेली म्हणून पाणी वाढत नाही



उन्हाळा लागला की आपल्या सोलापूर जिल्ह्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरू लागतात. शेजाऱ्याने तीनशे फूट मारली की आपण पाचशे; त्याला नाही लागलं तर आपण सातशे! या चढाओढीबद्दल स्पष्ट लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्या पायाखाली काय आहे ते आधी पाहू. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक बसून हा खडक झाला. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकाभोकांचा, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. खालचा घट्ट काळा पाषाण. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. खोल जावे तसतशा भेगा कमी होतात. नशिबाने एखादी लागते, नाही असे नाही. पण तिच्यात पाणी येते कुठून? वरूनच. तेव्हा खोल बोअर बहुधा नवे पाणी काढत नाही, शेजारच्या विहिरीतले खाली ओढते.

आता ढोबळ हिशेब करू. जिल्ह्याचा पाऊस सरासरी ५५० मिलिमीटरच्या आसपास. त्यातला दहावा हिस्सा जमिनीत मुरतो असे धरले तर ५५ मिलिमीटर. सरीने भिजवलेल्या उसाला तोडणीपर्यंत २००० मिलिमीटर तरी पाणी लागते. पडलेला सगळा पाऊस उसाच्याच कामी आला असे मानले, तरी १४५० कमी पडतात. म्हणजे नुसत्या विहिरीवरचा एक एकर ऊस जवळजवळ २६ एकरांत मुरलेले पाणी पितो. दिलेल्या पाण्यातले थोडे परत मुरते, हे खरे. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

कोणी म्हणेल, १९८० साली उजनी झाली, आता कसली काळजी? उजनी भरते ती मुख्यतः पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. तिचा आधार कालव्याखालच्या शिवाराला. कालव्यापासून लांबच्या माळाला स्वतःच्या पावसावर आणि ओढ्यांवरच भागवावे लागते.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे. पण दर वेळी सरकारने येऊन हात धरावा, अशी वाट का पाहायची? गावाने मिळून ठरवले तर कायद्याची गरजही पडणार नाही.

आमचे म्हणणे तीन गोष्टींत सांगतो. बोअरला घालायचा पैसा ओढ्याचा गाळ काढण्यात, बांधबंदिस्तीत आणि ठिबकमध्ये घालावा. ठिबकने वाचलेल्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावू नये. तसे केले तर वाचले काय? आणि दिवाळीनंतर विहिरीतले पाणी मोजूनच लागण ठरवावी. पाणी कमी असेल तर ज्वारी, हरभरा, करडई ही आपली जुनी पिके आहेतच.

कारखान्याच्याच पत्रिकेने ऊस बेताने लावा म्हणावे, हे काहींना खटकेल. गाळपाला ऊस हवा, हे आम्हालाही कळतं. पण चैत्र-वैशाखात वाळलेला ऊस सभासदाच्याही कामाचा नाही आणि कारखान्याच्याही. जमिनीखालचे पाणी सातबाऱ्याची हद्द ओळखत नाही. उसासाठी आपण सहकार केला, तसाच तो पाण्यासाठीही करावा, एवढीच विनंती.