क्लिप जिथे संपते तिथून पुढे

मागच्या अधिवेशनात आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक क्लिप आली. दीड मिनिटाची, खाली ठळक अक्षरात ‘मंत्र्याची बोलती बंद’, मागे ढोल-ताशे. मी ती तीनदा पाहिली, आणखी दोन ग्रुपवर ढकलली आणि मग सहज म्हणून त्या दिवसाचं पूर्ण कामकाज यूट्यूबवर उघडलं. खासदार बसल्यावर मंत्री उठले, भलत्याच योजनेबद्दल चार मिनिटं बोलले आणि शांतपणे बसले. बोलती कुठेच बंद झाली नव्हती. क्लिपमधून उत्तर कापलेलं होतं आणि आम्हा अकरा इंजिनिअरांपैकी एकालाही ते चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

तेव्हापासून मला या ‘धुलाई’ प्रकाराची चीड आहे, आणि त्यात मीही आलोच. भाषण कितीही जहाल असू दे, मंत्र्याला त्यातल्या एकाही वाक्याला उत्तर द्यायचं बंधन नसतं. प्रश्नाला असतं. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास. दिवसाला २० तारांकित प्रश्न, ज्यांची उत्तरं मंत्र्याने उभं राहून द्यायची, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरं लेखी येतात. तारांकित प्रश्नाची खरी ताकद त्या मूळ प्रश्नात नसते. त्याचं उत्तर खात्याचे अधिकारी आधीच लिहून देतात. ताकद असते ती त्यानंतरच्या पुरवणी प्रश्नात. तो मंत्र्याच्या हातातल्या कागदावर नसतो. आमच्याकडे डेमो सुरळीत चालू असताना क्लायंट मध्येच म्हणतो, ‘आता हे बटण दाबून दाखवा’, तसं. खरं काय ते तिथे कळतं.

आता एक दिवस सांगतो. १४ सप्टेंबर २०२०. कोविडमधलं पावसाळी अधिवेशन, पहिलाच दिवस. लॉकडाऊनमध्ये घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला, असा प्रश्न होता. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर: अशी आकडेवारी ठेवली जात नाही. पुढचा भाग होता कुटुंबांना भरपाई दिली का, असा. उत्तर: वरील उत्तर पाहता प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्नच उद्भवत नाही. त्याच वर्षी ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली होती. जालन्याहून चालत निघालेली, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जाणारी माणसं. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो आपल्यापैकी प्रत्येकाच्या फोनवर आला होता. आपण सगळ्यांनी पाहिलेली गोष्ट सरकारच्या वहीत नव्हती.

पण गंमत (शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) पुढे आहे. त्याच आठवड्यात राज्यसभेत डेरेक ओब्रायन यांच्या प्रश्नाला रेल्वेमंत्र्यांचं लेखी उत्तर आलं: श्रमिक स्पेशल गाड्यांमध्ये ९ सप्टेंबरपर्यंत ९७ जणांचा मृत्यू झाला. म्हणजे ‘स्थलांतरित मजूर’ असं मोघम विचारलं की आकडा नाही. गाडी कुठली, काळ कुठला, हे बांधून योग्य खात्याला विचारलं की आकडा आहे. करमाडचे सोळा जण मात्र या ९७ मध्येही नाहीत, कारण ते गाडीत बसू शकलेच नव्हते.

या दोन उत्तरांच्या मधोमध उभं राहून एकच पुरवणी प्रश्न विचारायचा होता: रेल्वेकडे नोंद असते, तर कामगार खात्याकडे का नाही? तो कुणालाच विचारता आला नाही. साथीचं कारण देऊन त्या अधिवेशनापुरता प्रश्नोत्तराचा तासच रद्द केलेला होता. ‘लेखी उत्तरं देतोय की’ असं तेव्हा सरकारकडून सांगितलं गेलं आणि माझ्यासकट बऱ्याच जणांना ते पटलंही. लेखी उत्तराला उलट प्रश्न नसतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं.

पुरवणी प्रश्नाने आणि कागदपत्रांनी काय होऊ शकतं, याचं उदाहरण १९५७ मधलं आहे. एलआयसी स्थापन होऊन वर्षही झालं नव्हतं. त्या जूनमध्ये तिने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले, तेही स्वतःच्या गुंतवणूक समितीला बाजूला ठेवून. संसदेत प्रश्न आले तेव्हा उत्तरं गोलगोल होती. मग १६ डिसेंबर १९५७ ला रायबरेलीचे खासदार फिरोज गांधी लोकसभेत उभे राहिले आणि कागद समोर ठेवून त्यांनी विचारायला सुरुवात केली. हा माणूस सत्ताधारी पक्षाचा होता. पंतप्रधान त्याचे सासरे होते.

चौकशी मुंबईत झाली. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी ती उघडपणे चालवली. इतकी गर्दी झाली की बाहेर ध्वनिवर्धक लावावे लागले. निर्णय सचिवाने घेतला, मला कल्पना नव्हती, असा अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचा पवित्रा होता. छागलांनी तो मानला नाही. खात्यात जे होतं त्याची जबाबदारी मंत्र्याची. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला. काही वर्षांनी ते मंत्रिमंडळात परतले, पुन्हा अर्थमंत्रीही झाले, हेही सांगायला हवं. तो काळ काही सत्ययुग नव्हता.

मला हे प्रकरण जवळचं वाटण्याचं कारण साधं आहे. माझ्या इंजिनिअरिंगची दोन वर्षांची फी बाबांनी माझ्या नावावर काढलेल्या एलआयसीच्या पॉलिसीतून भरली. ते हप्ते भरताना त्या पैशांवर कुणाचं लक्ष असतं, हा विचार बाबांनी केला नसेल. त्यांच्या आधीच्या पिढीसाठी एका खासदाराने तो केला होता, आणि स्वतःच्याच सरकारला विचारलं होतं. आज सत्ताधारी बाकावरचा पुरवणी प्रश्न बहुतेक वेळा मंत्र्याच्या अभिनंदनाने सुरू होतो. ऐकताना वाटतं, आपण अप्रेझलच्या मीटिंगमध्ये बसलोय.

विरोधकांनाही सोडायचं कारण नाही. अकराच्या ठोक्याला फलक घेऊन समोरच्या मोकळ्या जागेत उतरायचं, सभागृह तहकूब करून घ्यायचं आणि बाहेर कॅमेऱ्यासमोर ‘आवाज दाबला’ म्हणायचं. कधी कधी खरोखर दाबला जातो. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेच्या सुरक्षेतल्या त्रुटीवर गृहमंत्र्यांचं निवेदन मागणारे १४६ खासदार निलंबित झाले आणि त्यांचे प्रश्नही यादीतून गेले. पण एरवी तो तास गोंधळात बुडतो तेव्हा सुटकेचा श्वास सोडतो तो मंत्री, ज्याचा नंबर त्या दिवशी लागणार होता.

एक मित्र म्हणतो, बहुमत असलं की विचारून उपयोग काय? २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडल्याबद्दल ११ खासदारांची हकालपट्टी झाली, याचीही तो आठवण करून देतो. मी उलटं विचारतो: ज्याचा उपयोग नाही त्याला कुणी पैसे कशाला मोजेल?

शिवाय मंत्री ‘माहिती गोळा केली जात आहे’ म्हणाला, तर ते आश्वासन धरलं जातं. ते तीन महिन्यांत पुरं व्हावं, अशी अपेक्षा असते आणि पाठपुराव्याला १९५३ पासून लोकसभेची आश्वासन समिती आहे. म्हणजे उघड्या तिकिटांची यादी आहे. ती उघडून बघणारे आपण नाही.

गेल्या महिन्यात मी आमच्या खासदारांचे प्रश्न संसदेच्या वेबसाइटवर शोधले. एका प्रश्नाचे चार भाग होते. उत्तर होतं ‘(क) ते (घ)’ म्हणून चारही भागांना मिळून एकच परिच्छेद. त्यात योजना कधी सुरू झाली, तिचा हेतू काय, हे सगळं होतं. विचारलेला आकडा नव्हता. ती पीडीएफ मी टीमच्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. एकाने लिहिलं, ‘याची क्लिप आहे का?’