गॅरेजच्या आधीची शाळा

परवा रात्री मेसमधून परत येताना नेहमीप्रमाणे कट्टा जमला. विषयही नेहमीचाच, 'डिग्रीचा उपयोग काय?' एकानं लगेच स्टीव्ह जॉब्ज काढला. "तो कुठे डिग्री घेत बसला होता? गॅरेजमध्ये ॲपल उभी केली ना राव!" सगळ्यांनी माना डोलावल्या. ही गॅरेजची गोष्ट आपण इतक्या वेळा ऐकली आहे की त्याआधी काय होतं, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. माझं म्हणणं एवढंच, की गॅरेजच्या आधी एक शाळा होती. आणि मित्रहो, त्या दोघांकडून काही शिकायचंच असेल, तर आधी त्या शाळेकडून शिकूया.

शाळेचं नाव होमस्टेड हायस्कूल. कॅलिफोर्नियात क्युपर्टिनो आणि सनीव्हेल या उपनगरांच्या हद्दीवर १९६२ साली सुरू झालेली. ही 'पब्लिक स्कूल' आहे. पण आपल्याकडच्या 'पब्लिक स्कूल'सारखी डोनेशन घेणारी नव्हे! तिकडे पब्लिक म्हणजे खरोखरच पब्लिकची. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही. त्या हद्दीत राहणारं कुठलंही पोर तिथं जातं. स्टीव्ह वॉझनियॅक या शाळेतून १९६८ साली बाहेर पडला आणि जॉब्ज १९७२ साली.

तेव्हा त्या खोऱ्यात जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागा तोडून घरांच्या कॉलन्या होत होत्या. सनीव्हेलला लॉकहीड, शेजारी नासाचं एम्स केंद्र, पालो अल्टोला ह्यूलेट-पॅकार्ड. त्यामुळे गल्लीत दोन-चार घरं सोडली की एक इंजिनिअर. वॉझनियॅकचे वडील लॉकहीडमध्ये होते. जॉब्जचे वडील शिक्षण अर्धवट सोडलेले मशिनिस्ट. पण जॉब्जला लहानपणी शेजारच्या एचपीतल्या इंजिनिअरनं इलेक्ट्रॉनिक्सचे किट जोडायची गोडी लावली. म्हणजे शाळा सुटल्यावरही शाळा चालूच!

शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला जॉन मॅककॉलम नावाचे सर होते. पूर्वी नौदलात असल्यामुळे शिस्तीचे कडक. त्यांचा वर्ग पार्किंगच्या कडेला, शेडवजा इमारतीत. पण आत ट्रान्झिस्टर आणि इतर सुट्या भागांनी भरलेली खोली. वॉझनियॅक वर्गाच्या पुढे पळतोय हे त्यांच्या लक्षात आलं. शाळेत तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. सरांनी काय करावं? जवळच्या सिल्व्हेनिया कंपनीत ओळख काढून पोराला आठवड्यातून एकदा तिथं प्रोग्रॅमिंग करायला पाठवलं. ना कुठला एमओयू, ना फीत कापून फोटो!

आता पोरगं हुशार म्हणजे गुणी असं नाही हं. याच वॉझनियॅकनं टिकटिक करणारा इलेक्ट्रॉनिक मेट्रोनोम बनवून एका लॉकरमध्ये ठेवला. प्राचार्यांना वाटलं बॉम्ब. ते तो छातीशी धरून मैदानाकडे पळत सुटले. वॉझनियॅकला एक रात्र बालसुधारगृहात काढावी लागली. तरी त्याचं आयुष्य तिथं संपलं नाही. आपल्याकडे एवढ्यावर काय झालं असतं, याची कल्पना आपापल्या अनुभवाप्रमाणे करावी.

दोघा स्टीव्हची ओळखसुद्धा या शाळेमुळेच. जॉब्जचा वर्गमित्र बिल फर्नांडिस हा वॉझनियॅकचा शेजारी. १९७१ साली त्यानं दोघांची गाठ घालून दिली. गॅरेज त्यानंतर पाच वर्षांनी आलं. शाळा, सर, गल्ली आणि कंपन्या या चौघांनी मिळून जे केलं, त्याचं सगळं श्रेय आपण एका गॅरेजला देऊन मोकळे होतो.

पण थांबा. ही गोष्ट एवढी गोड नाही.

जॉब्ज मुळात त्या हद्दीत राहत नव्हता. माउंटन व्ह्यूमधल्या त्याच्या आधीच्या शाळेत दादागिरी चालायची. सातवीत असताना त्यानं घरी सांगून टाकलं, मी परत त्या शाळेत जाणार नाही. आईवडिलांनी पै-पै गोळा करून जेमतेम तीन मैलांवर, चांगल्या शाळांच्या हद्दीत २१,००० डॉलरला घर घेतलं. पुढे प्रसिद्ध झालेलं गॅरेज ते याच घराचं! म्हणजे फुकट शाळेचं प्रवेशपत्र कुठलं, तर घराचं खरेदीखत. एका मशिनिस्टला तेव्हा ते परवडलं. आज त्या भागात साधं घर घ्यायला २० लाख डॉलरच्या वर मोजावे लागतात. आजच्या मशिनिस्टनं काय करायचं?

याचं मूळ पैशाच्या व्यवस्थेत आहे. अमेरिकेतल्या सरकारी शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालत आल्या. यात एक मोठी चांगली गोष्ट आहे, शाळा आपली आहे असं गावाला वाटतं. पण वाईट बाजूही तितकीच मोठी. महागड्या वस्तीची शाळा श्रीमंत, स्वस्त वस्तीची गरीब. १९७१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सेरानो विरुद्ध प्रीस्ट खटल्यात सांगितलं, की मुलाचं शिक्षण वस्तीच्या श्रीमंतीवर ठरणं समानतेच्या तत्त्वात बसत नाही. मग १९७८ साली मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून मालमत्ता करावर १ टक्क्याची मर्यादा घातली. राज्यातल्या शाळांच्या पैशाला कात्री लागली. मात्र ज्या विभागांत घरंच सोन्याच्या भावाची, त्यांचा स्थानिक कर राज्यानं ठरवून दिलेल्या रकमेच्याही वर जातो आणि तो त्यांच्याकडेच राहतो. होमस्टेड ज्या विभागात येते, तो फ्रीमाँट युनियन विभाग अशांपैकीच एक.

आणि याचाही एक उलटा परिणाम झाला. घरं इतकी महागली की लहान मुलं असलेल्या तरुण कुटुंबांना तिथं येणंच परवडेना. पट घसरला आणि २०२२ साली क्युपर्टिनो शाळा विभागातल्या काही प्राथमिक शाळा बंद कराव्या लागल्या. २०१७ साली ॲपलचं गोलाकार मुख्यालय त्याच होमस्टेड रस्त्याला लागून उभं राहिलं. आणि त्याच परिसरात शाळांना पोरं मिळेनात! चांगल्या शाळेनं वस्ती मोठी केली, आणि मोठ्या झालेल्या वस्तीनं शाळेचं दार जड करून ठेवलं.

हे आपल्याला सांगायचं कारण? एक तर आपल्यापैकी काही जण उद्या तिथं जाणार. सनीव्हेल-क्युपर्टिनोत मराठी इंजिनिअर मंडळी भरपूर आहेत. शाळेची हद्द बघून घर घेण्यात चूक काही नाही. जॉब्जच्या आईबापांनी तेच केलं. पण हद्द ओलांडून आत गेल्यावर, बाहेर राहिलेल्यांचं काय, हा प्रश्न सुटत नाही.

दुसरं कारण अगदी आपल्या कंपाउंडपाशी आहे. भिंतीपलीकडे एक शाळा आहे. तिथली पोरं आपल्याला माहीत आहेत ती फक्त "दादा, बॉल द्या ना!" म्हणून. मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींचा मुलगा तिथं नववीत आहे. उन्हाळ्यात आमच्या विंगमधला बंद पडलेला टेबल फॅन त्यानं खोलला, कपॅसिटर गेलाय म्हणाला, आणि बदलून चालू करून दिला. आम्ही चौघे इलेक्ट्रिकलवाले शेजारी उभे राहून बघत होतो! या मुलानं आपली लॅब आतून कधीच पाहिलेली नाही. ती पाच वाजता कुलूपबंद होते आणि शनिवार-रविवार उघडतच नाही.

तेव्हा सर-मॅडमना विनंती अशी: शनिवारी दुपारी दोन तास बेसिक इलेक्ट्रॉनिक्सची लॅब त्या शाळेच्या मुलांसाठी उघडावी. शिकवायला आम्ही आहोत. बंद पडलेले सीआरओ, जुने मल्टिमीटर, प्रोजेक्ट संपल्यावर कपाटात पडलेले अर्डुइनो, एवढ्यावर सुरुवात होते. 'काही तुटलं तर कोण भरणार?' हा प्रश्न येणारच. उत्तर सोपं आहे, विंगनं वर्गणी काढायची. गणपतीला काढतोच की! आणि व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ केलेलं ओहमच्या नियमाचं उत्तर नववीतल्या पोरासमोर टिकतं का, हेही एकदा आपल्याला कळू दे.

जॉब्ज-वॉझनियॅक होणं आपल्या हातात नसेल. मॅककॉलम सर होणं मात्र नक्कीच आहे. त्यांच्याजवळ होती ती सुट्या भागांची एक खोली आणि तिची किल्ली. खोली आपल्याकडेही आहे. किल्लीचं तेवढं बघा!