तीन शिकवणी, नऊ प्रवाह

चिनी भाषेत 'सान च्याओ च्यौ ल्यू' असा एक जुना वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ : तीन शिकवणी आणि नऊ प्रवाह. तीन शिकवणी म्हणजे कन्फ्यूशिअसची, ताओची आणि बुद्धाची (ही तिसरी आपल्याकडून गेलेली, बरं का!). नऊ प्रवाह म्हणजे प्राचीन चीनमधील विचारांचे नऊ संप्रदाय. इ. स. पहिल्या शतकात पान कू या इतिहासकाराने ग्रंथसूचीत दहा घराणी नोंदवली आणि त्यांतली नऊच विचारात घेण्याजोगी ठरवली. वगळलेले दहावे घराणे गल्लीबोळांतल्या गोष्टी गोळा करणाऱ्यांचे. गंमत अशी, की त्यांच्या 'किरकोळ बोलण्या'चा 'श्याओश्वो' हा शब्दच आज चिनी भाषेत कादंबरीसाठी वापरतात.

नऊंमध्ये कायद्याचे पुरस्कर्ते होते, तर्कशास्त्री होते आणि चक्क शेतकीवालेही होते. राजानेही प्रजेबरोबर शेतात राबावे, असे त्यांच्यातल्या श्यू शिंगचे मत. मेंशियसला ते पटले नाही. त्याने श्यू शिंगच्या अनुयायालाच विचारले, तुमचे गुरुजी डोक्यावरची टोपी स्वतः विणतात का? नाही, धान्य देऊन घेतात, हे उत्तर येताच वाद रंगला. मतभेद केवढा, पण बोलणे समोरासमोर!

पुढे याच वाक्प्रचाराची रया गेली. 'प्रवाहां'चे उच्च, मध्यम, नीच असे थर लागले; नीच थरात नट आणि न्हावी जाऊन बसले. आज त्याचा अर्थ जवळपास आपल्या 'ऐरेगैरे' सारखा होतो.

आपण तरी वेगळे काय केले? अशोकाच्या शिलालेखांत 'पाषंड' म्हणजे नुसता संप्रदाय. गिरनारच्या बाराव्या लेखात सर्व पाषंडांचा मान राखा, असे तो सांगतो. आपल्या तोंडी त्याचे 'पाखंड' झाले.

हे आठवायचे कारण, यंदा प्रवेशाच्या वेळी 'हल्ली शाळेत कुठलीही मुले येतात' हे वाक्य दोन-तीनदा कानावर आले. आपल्या अर्जात वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आहे. फीच्या सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला वेगळा घेतोच. मग हा रकाना नक्की कशासाठी? तो पुढील वर्षाच्या अर्जातून काढावा, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मी मांडणार आहे. ज्यांना तो पटत नसेल, त्यांनी कार्यालयात येऊन माझ्याशी जरूर वाद घालावा.