गृहारोग्य : लहान कुत्र्यानें चॉकलेट खाल्लें तर

दिवाळीच्या फराळाबरोबर हल्लीं घरोघर चॉकलेटच्या पेट्याही येऊं लागल्या आहेत. त्यांतील एखादी वडी मुलाच्या हातून लाडक्या कुत्र्याच्या तोंडीं जाते. जो पदार्थ मुलास मानवतो तो कुत्र्यास कां बाधावा, असें पुष्कळ भगिनींस वाटतें. म्हणून या खेपेस त्याचाच विचार करूं.

कोकोच्या बियांत थिओब्रोमिन नांवाचें द्रव्य असतें. चहा-कॉफींतील कॅफिनचें तें भावंडच म्हणावयाचें. माणसाच्या शरीरांतून तें बरेंच लौकर निघून जातें. कुत्र्याच्या शरीरांत मात्र तें निम्में होण्यासच सुमारें १७ ते १८ तास लागतात, आणि तोंवर तें हृदयास व मज्जातंतूंस चेतवीत राहतें.

अपाय किती होईल, हें कुत्र्याचें वजन व चॉकलेटचा प्रकार यांवर अवलंबून आहे. वजनाच्या दर किलोमागें २० मिलिग्रॅम थिओब्रोमिन पोटांत गेलें कीं वांति, जुलाब, अस्वस्थता हीं लक्षणें दिसूं लागतात. ४० ते ५० मिलिग्रॅमनें हृदयाची गति बिघडते. ६० च्या पुढें झटके येऊं शकतात. ५ किलो वजनाच्या पामेरियनला पहिल्या पायरीवर नेण्यास दुधाचें चॉकलेट सुमारें ५० ग्रॅम लागेल, काळें कडवट चॉकलेट २० ग्रॅमच पुरेल, आणि कोकोची पूड तर चहाचे दोन चमचे. मोठ्या अल्सेशियनला जें पचून जाईल, तें या एवढ्याशा जिवास भारी पडतें. चॉकलेटांत मनुका किंवा झायलिटॉल नांवाची कृत्रिम साखर असल्यास हा हिशेब करीत बसूंच नये. त्यांचें विष निराळें व अधिक घातक.

खरा घात होतो तो दिरंगाईनें. लक्षणें बहुधा २ ते १२ तासांनीं दिसतात. तोंवर कुत्रें शेपटी हलवीत खेळत असतें आणि घरचीं माणसें निश्चिंत राहतात. वास्तविक उपचाराचे तास हेच. पहिल्या दोनएक तासांत पशुवैद्य इंजेक्शन देऊन वांति करवितात. मागाहून औषधी कोळसा व शिरेवाटे सलाईन देतात. वेळीं उपचार झाल्यास बहुतेक कुत्रीं बरीं होतात. मूत्राशयांतून हें द्रव्य पुन्हां रक्तांत शोषलें जातें; यास्तव उपचारानंतर कुत्र्यास लघवीसाठीं वारंवार बाहेर न्यावें.

घरीं करावयाचें तें इतकेंच : उरलेलें चॉकलेट दूर करावें, वेष्टण जपून ठेवावें, कुत्र्याचें वजन, खाल्लेलें प्रमाण व वेळ लिहून पशुवैद्यांस तत्काळ फोन करावा. मिठाचें पाणी पाजूं नये. त्यानें निराळीच विषबाधा होते. घशांत बोटें घालूं नयेत. दुधानें हा विकार उतरत नाहीं.

आणखी एक गोष्ट. वडी देणारें मूल बहुधा घरचेंच असतें, आणि आईच्या रागाच्या भीतीनें तें चाराच्या जागीं एकच सांगतें. तेव्हां त्यास प्रथम जवळ घ्यावें, मग विचारावें. त्या घटकेस खरा आंकडा हाच मोलाचा. बोल लावण्यास पुढें पुष्कळ वेळ मिळेल.