सी-६०चा इतिहास कोण लिहिणार?

देवरीकडच्या आश्रमशाळेत मी मास्तरकी केली. माझे काही विद्यार्थी पोलिसांत भरती झाले, एकजण नक्षलवाद्यांच्या दलममध्ये, म्हणजे सशस्त्र तुकडीत, गेला. सरकार या संघर्षाला युद्ध म्हणत नाही. भावकीतली पोरं बंदुका घेऊन समोरासमोर उभी राहिली, त्याला आम्ही काय म्हणावं?

१९९० साली गडचिरोलीचे तेव्हाचे पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी ६० जवानांचं पथक उभारलं. तेच सी-६०. गोंडी-माडिया बोलणारी, रानवाटा पाठ असलेली, स्वतःहून आलेली स्थानिक पोरं. नक्षलवाद्यांच्या लेखी हे घरभेदी. त्यामुळे रजेवर गावी जाणंसुद्धा जिवावरचं. या पोरांबद्दल छापून येतात ते चकमकींचे आकडे. २०१८मध्ये कसनासूर, २०२१मध्ये मर्दिनटोला.

आकड्यांपलीकडचंही लिहिता येतं. अमेरिकेच्या यादवीत गावोगावच्या स्वयंसेवकांच्या पलटणी झाल्या. पुढे त्यातल्या कितीतरी पलटणींचे इतिहास शिपायांनीच लिहिले; त्यात हगवण आहे, पळापळही आहे. आपल्याकडे अधिकारी बोलतात, शिपाई गप्प. सी-६०च्या पहिल्या तुकडीतली माणसं आता उतारवयात आहेत.

ऑक्टोबर २०२५मध्ये नक्षलवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली. आता तरी गोंडवाना विद्यापीठाने रेकॉर्डर घेऊन गावांत जावं. जवान, शरण आलेले, आणि दोन्हीकडून मार खाल्लेले गावकरी, सगळ्यांना गोंडीतच बोलू द्यावं. पोलिसांविरुद्धच्या तक्रारीही त्यात याव्यात. नुसते पोवाडे नकोत, ते दर महाराष्ट्रदिनी ऐकतोच. खर्चाचं म्हणाल, तर एका स्मारकाच्या चौथऱ्याएवढाही येणार नाही.